ठाण्याबाहेरचा फळा कोरा का? गृह विभागाला आणि पोलीस महासंचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्या व्यक्तींची माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावण्याबाबत.

महोदय,

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी कामं करणाऱ्या वकिलाला रात्री साडेदहानंतर येणारे फोन बहुतेक एकाच जातीचे असतात. "साहेब, पोरगं उचललंय. कुठं नेलंय ते कुणी सांगंना." गुन्हा कोणता, जामीन होईल का, हे सगळं नंतर. माणूस आहे कुठे, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मिळवायला आम्ही ओळखीच्या हवालदाराला फोन लावतो, माजी सरपंचाला उठवतो, पेपरच्या वार्ताहराला विचारतो. ठाण्यासमोरचा चहावाला यात सगळ्यात भरवशाचा. आत किती चहा गेले हे त्याला पाठ असतं. कायद्यानं करून ठेवलेली सोय मात्र या यादीत कुठेच नसते, कारण ती आहे हे ठाण्यातही फारसं कुणाला आठवत नाही.

सोय अशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेचं कलम ३७ सांगतं की प्रत्येक जिल्ह्यात आणि राज्य पातळीवर पोलीस नियंत्रण कक्ष असावा. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक अधिकारी नेमलेला असावा, सहायक फौजदारापेक्षा खालच्या हुद्द्याचा नको. अटक केलेल्या माणसांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती ठेवायची जबाबदारी त्याची. ही माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची, डिजिटल स्वरूपातही लावता येईल. कलम ४८ तर आणखी पुढे जातं. अटक करणाऱ्यानं नातेवाइकाला किंवा मित्राला लगेच कळवायचंच, शिवाय जिल्ह्यातल्या या नेमलेल्या अधिकाऱ्यालाही कळवायचं. म्हणजे कागदावर प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस असा आहे, ज्याला आज जिल्ह्यात कोण कुठे कोठडीत आहे हे ठाऊक असायला हवं.

तो माणूस कोण, एवढंच आम्हाला सांगा. माझ्या कामाच्या भागातल्या एका ठाण्यात मी ते विचारलं (ठाण्याचं नाव लिहीत नाही, ते काही एकटंच तसं नाही). ठाणे अंमलदारानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग मनापासून विचारलं, "कसला अधिकारी म्हणालात?" बाहेरच्या फळ्यावर मागच्या गणेशोत्सवातल्या शांतता समितीच्या बैठकीची सूचना होती.

ही मागणी नवी नाही. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. लॉकअपमधल्या मृत्यूंच्या बातम्यांकडे त्यांनी लक्ष वेधलं होतं. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. त्यातल्या अकरा सूचना आपल्या कित्येक ठाण्यांत भिंतीवर रंगवलेल्या दिसतात. त्या भिंतीपुढे उभं राहून अकरावी सूचना वाचावी. अटक केल्याची आणि माणसाला कुठे ठेवलंय याची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला कळवायची आणि तिथल्या ठळक जागी असलेल्या फळ्यावर लावायची, असं ती सांगते. सूचना रंगवायला पेंटर मिळाला. ती सूचना ज्या फळ्याबद्दल बोलते तो फळा मात्र मिळाला नाही.

मग १ नोव्हेंबर २०१० पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-ग घातलं गेलं आणि न्यायालयाचा आदेश संसदेचा कायदा झाला. त्या कलमात दोन गोष्टी होत्या, ज्या आजच्या कलम ३७ मध्ये नाहीत. पहिली, अटक करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा फळ्यावर लावणं. दुसरी, राज्याच्या मुख्यालयात अटकेची माहिती गोळा करून सर्वसामान्य जनतेसाठी माहितीसाठा ठेवणं. नव्या कायद्यानं प्रत्येक ठाण्याला जबाबदार धरलं, ही मोठी सुधारणा. पण जाता जाता या दोन गोष्टी हातातून सुटल्या, आणि त्यावर कुठे फारशी चर्चा झाल्याचं मला तरी दिसलं नाही.

अधिकाऱ्याचं नाव फळ्यावर लावायला कायदा आता सांगत नाही. मनाईही करत नाही. कलम ३६ प्रमाणे अटक करताना अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट दिसेल असं लावलेलं असावंच लागतं. रस्त्यावर छातीवर दाखवायचं नाव ठाण्याच्या भिंतीवर लपवायचं कारण काय? साध्या वेशातली चार माणसं बिननंबरच्या गाडीतून येतात आणि एकाला घेऊन जातात, तेव्हा घरच्यांना पहिली शंका येते ती हे पोलीस होते की आणखी कुणी. फळ्यावर अधिकाऱ्याचं नाव असेल तर ती शंका तिथल्या तिथे मिटते.

आता थोडं कडू बोलतो. पोलीस अटकेची माहिती देत नाहीत हे खरं नाही. देतात, आणि फार वेगानं देतात. घरफोडीचा गुन्हा उघड झाला की तासाभरात पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रेस नोट येते. फोटोत टेबलावर मांडलेला मुद्देमाल, खाली उकिडवे बसवलेले तोंड झाकलेले आरोपी आणि मागे ओळीनं उभं असलेलं पथक. नाव, वय, गाव सगळं खाली छापलेलं. ज्या अटकेतून शाबासकी मिळते तिची माहिती मंत्रालयापर्यंत पोचते. ज्या अटकेबद्दल प्रश्न विचारले जातील तिची माहिती ठाण्याच्या पायरीपर्यंतही येत नाही. कलम ३७ दुसऱ्या प्रकारच्या अटकेसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयानं १३ सप्टेंबर २०२३ रोजी पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तयार करायला केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितलं, तेव्हा चिंता हीच होती : तपास सुरू असतानाच माणूस गुन्हेगार ठरवला जातो. प्रेस नोटमधून माणसाची बदनामी होते आणि फळ्यावरून त्याचं रक्षण होतं. आपल्याकडे पहिलं जोरात चालू आहे आणि दुसरं बंद आहे.

हा फळा सगळ्यात जास्त कुणाला लागतो, तेही सांगतो. ज्याच्या घरात वकील आहे, ज्याचा मेहुणा मंत्रालयात आहे, त्याला नाही लागत. गावाबाहेर पालावर राहणाऱ्या पारधी कुटुंबाला लागतो. परिसरात दरोडा पडला की आधी कुणाच्या पालावर गाडी जाते हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गाडी शेजारच्या जिल्ह्याची असते. नेलेला माणूस कधी त्या जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेत असतो, कधी एखाद्या लांबच्या ठाण्यात. बाया लेकरं कडेवर घेऊन एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हिंडतात आणि प्रत्येक ठिकाणी "आमच्याकडे नाही" एवढंच ऐकतात. कधी ते खरंही असतं. पण मग कुणाकडे आहे, हे सांगणं आपलं काम आहे असं कुणालाच वाटत नाही.

याच लोकांची नावं लिहून ठेवायची कला या राज्ययंत्रणेला चांगली अवगत होती. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली अख्ख्या जमातींची नोंदणी झाली, हजेऱ्या घेतल्या गेल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. १९५२ साली ते कायदे गेले. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातल्या जातिभेदाबरोबरच विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये हेही पोलिसांना बजावावं लागलं. तेव्हा नावांच्या याद्या ठेवणं जमत नाही, हे कारण आम्हाला देऊ नका. आता मागतोय ती यादी उलट्या दिशेची आहे. लोकांनी पोलिसांकडे पाहावं, यासाठीची.

"अटक नाही, फक्त चौकशीला बोलावलंय", "ताब्यात घेतलंय, अटक दाखवायची आहे", ही उत्तरं आम्ही रोज ऐकतो. अटक दाखवली नाही म्हणून फळ्यावर नाव नाही, हा यातला सगळ्यात सोपा पळवाटेचा दरवाजा. पण मुंबई उच्च न्यायालयानं १९९० सालीच कस्टम्सच्या एका प्रकरणात सांगून ठेवलंय की माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं, त्याच क्षणी अटक सुरू होते. अधिकाऱ्यानं कागदावर कोणती वेळ टाकली याला महत्त्व नाही. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं घड्याळही तेव्हापासूनच चालू होतं. मग फळ्यावरची नोंदही त्याच वेळेची हवी. प्रतिबंधक कारवाईत, म्हणजे जुन्या कलम १५१ आणि आताच्या कलम १७० खाली उचललेल्यांचीही. मोर्चाच्या आदल्या रात्री गावागावांतून कार्यकर्ते उचलले जातात, त्यांच्या घरच्यांनाही झोप लागत नसते.

आपले अधिकारी म्हणतील, पर्याय आहेत की. आहेत. राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर एफआयआर पाहता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानं ते झालं आणि त्याचं मला कौतुक आहे. पण एफआयआर म्हणजे अटक नव्हे. त्यात आरोपीच्या रकान्यात "अज्ञात" लिहिलेलं असतं आणि अटक आठवड्यानं होते. ठाणी संगणकानं जोडणाऱ्या सीसीटीएनएस योजनेनं पोर्टलवरून द्यायच्या नागरिक सेवांत अटक केलेल्यांचा तपशीलही धरलेला आहे. पण ज्याला ठाणं कोणतं हेच माहीत नाही, त्यानं शोध सुरू कुठून करावा? ई-कोर्ट्सवर एफआयआर क्रमांकावरून केस सापडते, क्रमांक माहीत असेल तर. माहिती अधिकारात जीवित आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. मात्र माणसाला २४ तासांत कोर्टात न्यायचं असतं. म्हणजे उत्तर येईपर्यंत पहिली रिमांड होऊन गेलेली असते. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, करता येते, पण मुंबई, नागपूर, औरंगाबाद किंवा कोल्हापूरपर्यंत पोचायला लागणारे पैसे पालावर नसतात. दंडाधिकाऱ्याकडे कलम १०० खाली झडतीचं वॉरंट मागता येतं. ते आम्ही मागतोही, पण झडती कुठल्या खोलीची घ्यायची हे आधी कळायला हवं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं माहिती अधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती लागू झाल्यापासून माहिती अधिकाऱ्यांच्या हाती एक नवं वाक्य आलं आहे : "ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही." व्यापक जनहितासाठी वैयक्तिक माहितीही देता येण्याची तरतूद माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधून गळाली, ८(२) मधली उरली, पण खालच्या टेबलावर एवढं बारकाईनं कोण वाचतो? अटकेची माहिती या वाक्याखाली गाडली जाईल, अशी मला भीती आहे. म्हणूनच इथे स्पष्ट लिहितो. जी माहिती ठळकपणे लावायला संसदेनं सांगितलं आहे, ती मागण्यासाठी अर्ज करायची वेळच येऊ नये.

तपासाला बाधा येईल, हा नेहमीचा आक्षेप. काही प्रकरणांत त्यात तथ्य असेल. टोळीतला एक सापडलाय आणि बाकीचे पळतील, हे खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला उघड्या कोर्टात उभं करायचंच आहे. काही तासांची मुभा लागत असेल तर वरिष्ठाच्या लेखी परवानगीनं घ्या आणि कारण डायरीत लिहा. सगळ्याच अटका गुपित ठेवायला हे कारण पुरत नाही.

आता माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारं बोलतो. पारदर्शकतेच्या नावाखाली अटक झालेल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि फोटो इंटरनेटवर कायमचा टांगायला माझा विरोध आहे. अटक म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. बांधावरच्या भांडणात नाव गोवलेला पोरगा दोन वर्षांनी निर्दोष सुटतो. पण गुगलवर त्याचं नाव टाकलं की पहिली ओळ अटकेची येते, आणि पुढे नोकरी जाते, सोयरीक मोडते. मार्च २०२० मध्ये लखनऊत आंदोलनातल्या आरोपींची नावं, पत्ते, फोटो चौकाचौकांत होर्डिंगवर लावले गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयानं आपण होऊन दखल घेतली आणि ते उतरवायला सांगितलं. असं होर्डिंग आम्हाला नकोय. माहिती ताजी हवी. ती कायमची राहायला नको. माणूस पोलीस कोठडीत असेपर्यंत आणि त्यानंतर थोडे दिवस ती दिसावी, मग सार्वजनिक पानावरून निघावी. नोंद ठाण्याच्या रजिस्टरात राहीलच, कोर्ट मागेल तेव्हा मिळेल. कायदा पत्ता लावायला सांगतो. तो ठाण्याच्या फळ्यावर लावा, पण ऑनलाइन गाव आणि तालुका पुरेसा आहे.

काही नावं मुळीच लागता कामा नयेत. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, गुन्ह्यात अटक झालेला बाप किंवा चुलता असेल, तर त्याचं नाव आणि पत्ता लावणं म्हणजे त्या मुलीचं नाव लावणंच आहे. हे भान फळा लिहिणाऱ्या सहायक फौजदाराला असेल असं गृहीत धरू नका, त्याला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या. आपल्या परिपत्रकात इतर सगळं विसरलं तरी चालेल, हे वाक्य विसरू नका.

मागणी तशी लहान आहे. पैसे फारसे लागत नाहीत. अटकेचा फॉर्म सीसीटीएनएसमध्ये भरावाच लागतो. विनावॉरंट अटकांचा अहवाल कलम ५९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जावाच लागतो. माहिती तयार आहे, फक्त ती लोकांच्या बाजूला वळवायची आहे. प्रत्येक ठाण्याच्या दारावर कलम ३७ खाली नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन लावा. फळ्यावर माणसाचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं, ताब्यात घेतल्याची वेळ, आता कुठे ठेवलंय, अटक करणारा अधिकारी कोण आणि कोणत्या कोर्टात कधी हजर करणार एवढं असू द्या. दुसऱ्या जिल्ह्याच्या पथकानं किंवा गुन्हे शाखेनं माणूस नेला, तर ज्या हद्दीतून नेला त्या ठाण्याच्या फळ्यावरही नोंद व्हावी. पालावरची बाई पहिल्यांदा तिथेच येते. आणि ११२ वर फोन करून नाव सांगितलं तर नियंत्रण कक्षानं उत्तर द्यावं. वाचता न येणाऱ्यासाठी फळ्यापेक्षा हा फोन मोठा आहे. आलेल्या नातेवाइकाला विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा राष्ट्रीय नंबर सांगायलाही काही खर्च नाही. अटकेच्या आणि रिमांडच्या टप्प्यावर मोफत वकील देण्याची राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची व्यवस्था २०१९ पासून आहे, पण पॅनेलवरच्या वकिलालाही अटक झाल्याचं कुणीतरी कळवावं लागतं.

पोलिसांवर कामाचा किती बोजा आहे हे मी रोज पाहतो. एकच अंमलदार वायरलेस सांभाळतो, तक्रार लिहून घेतो आणि दारुड्याला आवरतो. पण फळा भरलेला असेल तर त्याचंच काम हलकं होईल. रात्री दहा माणसं येऊन तोच प्रश्न दहा वेळा विचारणार नाहीत, आणि आमच्यासारखे वकील दारात वाद घालत बसणार नाहीत.

राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यात आणि ठाण्यात कलम ३७ खाली नेमलेल्या अधिकाऱ्यांची यादी मी माहिती अधिकारात मागणार आहे. अर्ज तयार आहे, दीडशे शब्दांत बसवलाय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँपही लावलाय. महिनाअखेरपर्यंत ही यादी आपल्या संकेतस्थळावर आली, तर तो टपालात टाकणार नाही.

आपला,
विधी सेवा पॅनेलवरचा एक तालुका वकील

प्रत : सर्व जिल्हा पोलीस अधीक्षक आणि पोलीस आयुक्त